डाउनलोड टूलच्या टेस्ट सूटचं डॉक्युमेंटेशन: काय लिहायचं, कुठे ठेवायचं?

कमांडकर

कमांड लाइनवरून फाइली उतरवणारं एक टूल आहे, गो या भाषेत लिहिलेलं. एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि एफटीपी चालतं. अर्धवट डाउनलोड पुढे चालू करणं, रीट्राय, चेकसम, प्रॉक्सी एवढी कामं करतं. टेस्ट आहेत ३१२. रचना कर्लवरून (फाइली उतरवणारं प्रसिद्ध टूल) उचललेली: एक टेस्ट म्हणजे एक टेक्स्ट फाइल. सर्व्हरने काय उत्तर द्यायचं, टूल कुठल्या आर्ग्युमेंट्सनी चालवायचं आणि शेवटी काय तपासायचं, हे सगळं त्या एका फाइलमध्ये. पायथनमधला रनर (टेस्ट चालवणारी स्क्रिप्ट) ती वाचतो, लोकल सर्व्हर उठवतो, निकाल छापतो.

टेस्ट चालतात, पण वाचणाऱ्याला कळत नाहीत. विकीवर ४० पानं आहेत, त्यातली निम्मी जुन्या रनरची. टेस्ट २१७ पडली तर ती मुळात कशासाठी लिहिली होती, हे शोधायला गिट ब्लेम करत (कुठली ओळ कोणी, कधी बदलली ते बघत) मागे मागे जावं लागतं.

आता सगळं नव्याने लिहायचंय. प्रत्येक टेस्टचं वेगळं वर्णन लिहावं का? टेस्टच्या नंबरांना अर्थ द्यावा का (१०० ते १९९ एफटीपी वगैरे)? आणि लिहिलेलं सहा महिन्यांनी शिळं होऊ नये म्हणून काय करता येतं?

---

शेलपाटी

विकी रीड-ओन्ली करा आणि सगळं रेपोत (कोड जिथे राहतो तिथे) आणा. टेस्ट बदलणाऱ्या कमिटमध्येच तिचं वर्णन बदलता आलं पाहिजे, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला दोन्ही एकाच डिफमध्ये (बदलांच्या यादीत) दिसलं पाहिजे. विकीत हे होत नाही, म्हणून विकी सडते.

रचना कर्लची घेतलीच आहे, तर त्यांच्या कागदपत्रांची वाटणीही बघा. सूट कसा चालवायचा याचं एक पान, टेस्ट फाइलच्या फॉरमॅटचं दुसरं, आणि रनर स्क्रिप्टच्या फ्लॅग्सचं मॅन पेज तिसरं. टेस्ट दीड हजाराच्या वर, पण "टेस्ट अमुक काय करते" असं सांगणारं स्वतंत्र पान एकाही टेस्टला नाही. ते काम टेस्ट फाइलमधलं "नेम" आणि "कीवर्ड्स" करतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच: वर्णन लिहा, पण टेस्ट फाइलच्या आत.

आता त्या वर्णनात काय असावं. "रिझ्यूम टेस्ट ३" हे वर्णन नव्हे, ते लेबल झालं. वर्णन परिस्थिती आणि अपेक्षित निकाल एका वाक्यात सांगतं. रिझ्यूमचंच उदाहरण घेऊ. सर्व्हरवर १० बाइटची फाइल, डिस्कवर आधीच ४ बाइट. टूलने "रेंज: बाइट्स=४-" मागायचं. सर्व्हरचं उत्तर २०६ (मागितलेला तुकडा देतोय), कंटेंट-रेंज "४-९/१०", कंटेंट-लेंग्थ ६. शेवटी डिस्कवर बरोबर १० बाइट आणि एक्झिट कोड ० (म्हणजे यश). ही झाली सुखाची टेस्ट. खरी किंमत तिच्या भावंडांची:

"४ बाइट आधीच आहेत, सर्व्हर रेंज न जुमानता २०० देऊन पूर्ण १० बाइट पाठवतो, शेवटी १४ बाइटची फाइल होता कामा नये." कर्ल इथे ३३ कोडने बाहेर पडतं. तुमचं टूल फाइल पहिल्यापासून लिहीत असेल तर तेही चालेल, पण दोन्हीपैकी काय ठरलंय ते वर्णनात हवं.

"सर्व्हर २०६ म्हणतो पण कंटेंट-रेंज ० पासून सुरू होते." हेडर न तपासता शेवटी जोडत गेलं की फाइल बिघडते आणि आकारावरून नेहमीच कळेल असं नाही.

"फाइल आधीच पूर्ण आहे, सर्व्हर ४१६ (मागितलेली रेंज देता येत नाही) देतो." यश म्हणायचं की चूक?

"मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली, इफ-रेंजमुळे (फाइल तीच असेल तरच तुकडा दे, ही अट) २०० येतं." इथे ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) कमकुवत असेल, म्हणजे "डब्ल्यू/" ने सुरू होणारा, तर तो इफ-रेंजमध्ये वापरायची परवानगीच नाही (एचटीटीपीचं मानक, आरएफसी ९११०). त्याची टेस्ट वेगळी.

ही वाक्यं फाइलींत लिहून झाली की २१७ साठी गिट ब्लेम करायची वेळ येणार नाही.

फॉरमॅटच्या पानात एक सूचना ठळक टाका: टेस्टचा मजकूर "अअअअअअअअअअ" असा एकसारखा ठेवू नये. रेंज एका बाइटने चुकली तरी अशी टेस्ट हिरवी राहू शकते. ०१२३४५६७८९ ठेवा, म्हणजे चार अंकांनंतर पुन्हा ३ आला किंवा ४ गळाला तर डिफमध्येच दिसतं.

नंबरांना अर्थ देऊ नका. कर्लमध्ये १ ते ९९ एचटीटीपी, १०० ते १९९ एफटीपी, २०० ते २९९ फाइल, ३०० ते ३९९ एचटीटीपीएस अशी वाटणी होती. ती पुढे पुरली नाही आणि १००० नंतर "संकीर्ण" असे गठ्ठे आले. कीवर्ड लावा आणि कीवर्डवरून चालवा.

---

लॉगवाचक

शेलपाटींचं बरोबर आहे, पण डॉक्युमेंटेशन उघडणारा माणूस बहुतेक वेळा शांतपणे टेस्ट लिहायला आलेला नसतो. त्याच्या समोर लाल निकाल असतो. म्हणून पहिलं पान "टेस्ट पडली, आता काय" हे हवं, आणि "सूटची ओळख" त्याच्या मागे.

कर्लचा रनर प्रत्येक टेस्टपुढे अक्षरांची एक ओळ छापतो. मधे मधे आडव्या रेघा आणि त्यांत एखादं पी, ई, एम, व्ही. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो बाराखडीचा भुगा वाटतो. प्रत्येक अक्षर म्हणजे एक तपासणी: एस म्हणजे स्टँडर्ड आउटपुट, पी म्हणजे सर्व्हरकडे गेलेला प्रोटोकॉल मजकूर, ओ म्हणजे आउटपुट फाइल, ई म्हणजे एक्झिट कोड, एम म्हणजे मेमरी गळती, व्ही म्हणजे व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं टूल). रेघ म्हणजे ती तपासणी या टेस्टमध्ये नाहीच. तुमचा रनर असं काही छापत असेल तर त्याची किल्ली त्या पहिल्या पानावर द्या. त्याहून बरं म्हणजे निकाल लाल झाल्यावर रनरनेच ती किल्ली छापावी.

त्यानंतर बघण्याचा क्रम लिहा. माझा सल्ला असा:

आधी एक्झिट कोड. अपेक्षित ०, मिळाला ७, तर सर्व्हर उठलाच नाही किंवा पोर्ट चुकला. बाकीचे डिफ वाचण्यात अर्थ नाही. कर्लचे कोड वापरत असाल तर नेहमीचे आठच पुरतात: ६ होस्टचं नाव सापडलं नाही, ७ कनेक्शन जमलं नाही, १८ फाइल अर्धवट आली, २२ सर्व्हरने ४०० किंवा वरचा स्टेटस दिला (--फेल लावल्यावरच), २३ डिस्कवर लिहिता आलं नाही, २८ वेळ संपली, ४७ फार रीडायरेक्ट, ५२ सर्व्हरने काहीच न बोलता कनेक्शन तोडलं.

मग सर्व्हरला मिळालेली रिक्वेस्ट. टूलने काय "पाठवलं असं म्हटलं" ते नव्हे, सर्व्हरने सॉकेटवरून प्रत्यक्ष काय वाचलं ते. ही फाइल रनर कुठे ठेवतो तो पूर्ण पाथ लिहा. पास झालेल्या टेस्टचे लॉग कर्लचा रनर पुसतो, ते राखायला -के द्यावा लागतो. तुमच्याकडे असा फ्लॅग असेल तर त्याच परिच्छेदात सांगा, फ्लॅग्सच्या यादीत पुरू नका.

स्टँडर्ड आउटपुट आणि फाइलचा डिफ सगळ्यात शेवटी.

आता वातावरण. "माझ्या मशीनवर चालतं" याची कारणं इथे राहतात. कर्लचा रनर टेस्टआधी प्रॉक्सीची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स पुसतो, होमचा पत्ता टेस्टच्या फोल्डरकडे वळवतो (म्हणजे कोणाच्या घरच्या कॉन्फिग फाइलने घोळ होत नाही) आणि कॉलम्स ७९ ला बांधतो, कारण प्रोग्रेस बारची लांबी टर्मिनलच्या रुंदीवर ठरते. रनर काय काय पुसतो आणि काय बांधतो याची यादी द्या आणि प्रत्येकापुढे एका ओळीत कारण लिहा. कारण नसलं की पुढचा माणूस "हे कशाला" म्हणून ओळ काढून टाकतो.

"होस्ट सापडत नाही" या टेस्टसाठी ".इनव्हॅलिड" ने संपणारं नाव वापरा, ते कधीच खरं होणार नाही असं ठरलेलं आहे (आरएफसी ६७६१). तरी काही इंटरनेट सेवा न सापडलेल्या नावालाही स्वतःच्या जाहिरात पानाचा आयपी देतात. अशा लाइनवर अपेक्षित ६ ऐवजी ० किंवा ७ येतो. हे "माहीत असलेल्या अडचणीं"त हवंच.

---

कमांडकर

दोन्ही उत्तरं कामाची आहेत. आणखी दोन गोष्टी.

टेस्टच्या अपेक्षित रिक्वेस्टमध्ये काही ठिकाणी "ॲक्सेप्ट-एन्कोडिंग: जीझिप" (उत्तर दाबून पाठवलं तरी चालेल असं सांगणारी ओळ) आहे आणि काही ठिकाणी नाही, आणि याचं कारण कुठेच लिहिलेलं नाही. चूक समजून कोणी "दुरुस्त" केलं की टेस्ट पडते. हे कुठे नोंदवायचं?

दुसरं, मराठी नावांच्या फाइली. एका टेस्टमध्ये "नमुना.पीडीएफ" वापरलंय, ती लिनक्सवर पास आणि एका जुन्या मॅकवर मात्र "अहवाल_दुसऱ्या_तिमाहीचा" या नावाची टेस्ट नापास. डॉक्युमेंटेशनमध्ये यावर किती लिहावं?

---

गोपाळगो

पहिल्याचं कारण गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे. ट्रान्सपोर्टला (तिथला रिक्वेस्ट पाठवणारा भाग) तुम्ही काही सांगितलं नाही तर तो स्वतःच जीझिप मागतो आणि आलेला मजकूर परस्पर उलगडून देतो. पण रिक्वेस्टमध्ये रेंज हेडर असेल तर तो मागत नाही. हेड रिक्वेस्टलाही (फक्त हेडर मागणारी) नाही. त्यामुळे साध्या डाउनलोडच्या टेस्टमध्ये ती ओळ दिसणार आणि रिझ्यूमच्या टेस्टमध्ये दिसणार नाही. दोन्ही बरोबर आहेत.

नोंद कुठे? फॉरमॅटच्या पानात "अपेक्षित रिक्वेस्ट लिहिताना" असा भाग करा आणि तिथे आणखी तीन गोष्टी बसवा. एक, गो आधी होस्ट आणि युजर-एजंट लिहितो आणि तुम्ही दिलेले बाकी हेडर अकारविल्हे लावतो, स्वतः घातलेली ॲक्सेप्ट-एन्कोडिंगची ओळ त्यांच्या शेवटी ठेवतो, त्यामुळे क्रम तपासायला हरकत नाही. दोन, उलगडलेल्या उत्तराची लांबी लायब्ररी -१ (म्हणजे माहीत नाही) सांगते. प्रोग्रेस बारच्या टेस्टमध्ये टक्केवारी हवी असेल तर सर्व्हरच्या उत्तरात जीझिप ठेवू नका. तीन, युजर-एजंटमध्ये टूलची आवृत्ती जात असेल तर तिथे आकडा न लिहिता व्हेरिएबल ठेवा, नाहीतर दर रिलीजला ३१२ फाइली बदलाव्या लागतील. कर्लमध्ये त्यासाठी "%व्हर्जन" आहे, होस्टसाठी "%होस्टआयपी", पोर्टसाठी "%एचटीटीपीपोर्ट", आणि टेस्टच्या स्वतःच्या नंबरासाठी "%टेस्टनंबर". फाइलची नक्कल करून नवी टेस्ट बनवताना या शेवटच्याचा उपयोग कळतो.

जाता जाता प्रॉक्सीबद्दल, कारण हा खड्डा डोळ्यांना दिसत नाही. गो एन्व्हायर्नमेंटमधून प्रॉक्सी उचलतो, पण पत्ता लोकलहोस्ट किंवा १२७.०.०.१ असेल तर प्रॉक्सी वापरतच नाही. म्हणजे तुमचा टेस्ट सर्व्हर लूपबॅकवर (त्याच मशीनवर), टेस्टमध्ये प्रॉक्सीचं व्हेरिएबल भरलेलं, टूल थेट सर्व्हरकडे जातं, फाइल उतरते, एक्झिट कोड ०, टेस्ट हिरवी. प्रॉक्सीला कोणी शिवलंच नाही. उपाय: यूआरएलमध्ये "फाइलघर.इनव्हॅलिड" सारखं खोटं नाव द्या. प्रॉक्सीमार्फत जाताना नावाचा पत्ता प्रॉक्सी शोधतो, टूल नाही, त्यामुळे खोटं नाव चालतं. आणि तपासणी डाउनलोड झालेल्या फाइलवर न ठेवता प्रॉक्सीच्या लॉगवर ठेवा. प्रॉक्सीच्या प्रत्येक टेस्टला "प्रॉक्सीचा लॉग रिकामा नसावा" ही अट सक्तीची करा आणि सक्ती रनरने करावी. नुसतं पानावर लिहून कोणी वाचत नाही.

---

बाइटमोजणी

मराठी नावांबद्दल सविस्तर लिहा, कारण चुकीचं नाव निवडलं तर टेस्ट काहीच तपासत नाही.

"अहवाल" घ्या. पाच युनिकोड अक्षरं (काना धरून), यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट, एकूण १५. यूआरएलमध्ये टक्केवारीच्या खुणांनी (प्रत्येक बाइटला % आणि दोन अंक) लिहिलं की ४५ अक्षरं. कर्लला -ओ (कॅपिटल ओ) दिलं तर ते ही खूण उलगडत नाही, फाइलचं नाव तसंच ४५ अक्षरांचं पडतं. तुमचं टूल उलगडतं की नाही हा निर्णय आहे, आणि तो वर्णनात हवा.

डब्ल्यूगेट या दुसऱ्या डाउनलोड टूलचं वेगळंच. ते सामान्यतः १२८ ते १५९ या बाइटना कंट्रोल कॅरेक्टर समजून त्यांची टक्केवारी-खूण करतं. "अ" म्हणजे ई० ए४ ८५. यातला शेवटचा ८५ त्या पट्ट्यात येतो, म्हणून "अ" मोडतो. ह, व, काना, ल यांचे शेवटचे बाइट बी९, बी५, बीई, बी२, ते पट्ट्याबाहेर, म्हणून ते शाबूत राहतात. उकार, दीर्घ वेलांटी, मात्रा, हलन्त हे सगळे पट्ट्यात. म्हणजे "नमुना" मधला उकार मोडेल, पण "पान" नाव ठेवलंत तर काहीच मोडणार नाही आणि टेस्ट आंधळी राहील. टेस्टच्या नावात एक स्वर, एक हलन्त आणि एक दीर्घ वेलांटी असलीच पाहिजे असा नियम लिहा, कारणासकट. (डब्ल्यूगेटला हे थांबवायला --रिस्ट्रिक्ट-फाइल-नेम्स=नोकंट्रोल द्यावं लागतं.)

आता मॅक. दोष "दुसऱ्या" मधल्या "ऱ" चा आहे. युनिकोडमध्ये हा दोन प्रकारे लिहिता येतो: एकच सलग अक्षर, किंवा "र" आणि त्याखाली नुक्ता अशी दोन. डोळ्याला सारखंच, बाइट वेगळे: पहिल्याचे ३, दुसऱ्याचे ६. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नाव साठवताना ते फोडून दुसऱ्या रूपात ठेवते. टेस्टने सलग रूपात फाइल लिहिली, फोल्डरची यादी वाचली, बाइटला बाइट जुळवला, नापास. नवी एपीएफएस दिलेलं रूप तसंच जपते, म्हणून नव्या मॅकवर हे दिसत नाही. तेव्हा नावं जुळवण्याआधी दोन्ही बाजू एनएफसीमध्ये (सलग रूपात) आणा. पायथनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूल आहेच. "वाऱ्यावर", "पुण्याच्या दुसऱ्या", "किनाऱ्या" असलं काही नाव मुद्दाम ठेवा, हिंदीच्या नेहमीच्या नमुन्यांत हे अक्षर येत नाही.

लांबीचीही एक टेस्ट हवी. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीमवर नाव २५५ बाइटपर्यंत, म्हणजे देवनागरीत ८५ अक्षरं. डाउनलोड चालू असताना तुमचं टूल पाच बाइटचं ".पार्ट" शेपूट (रोमन लिपीतलं) जोडत असेल तर ८३. नेमकं ८४ अक्षरांचं नाव द्या: अंतिम नाव बसतं, तात्पुरतं बसत नाही. टूलने इथे २३ ने बाहेर पडावं की शेपूट आखूड करावं, ते ठरवून लिहा.

---

हिरवाटिक

तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. शिळं झाल्यावर जे पडत नाही ते डॉक्युमेंटेशन शिळं होणारच. तेव्हा जेवढं शक्य तेवढं टेस्टनेच तपासा.

कर्ल हे करतं. त्यांच्या सूटमध्ये टेस्ट १११९ हेडर फाइलींतली चिन्हं आणि आवृत्त्यांची यादी जुळते का बघते. टेस्ट ११३९ प्रत्येक ऑप्शनला मॅन पेज आहे का, आणि कोडमधले फ्लॅग, मदतीचा मजकूर आणि मॅन पेज एकमेकांशी जुळतात का, हे बघते. टेस्ट ९७१ कमांड लाइन ऑप्शनची कागदपत्रं आणि "कुठल्या आवृत्तीत आला" ही यादी ताडून बघते. यातली एकही टेस्ट नेटवर्कला शिवत नाही, आणि फ्लॅग टाकून कागदपत्र विसरलेल्या माणसाला मर्जच्या आधीच थांबवते.

तुमच्याकडे पाच तपासण्या लिहा, मिळून पायथनच्या दीडदोनशे ओळी होतील. प्रत्येक टेस्ट फाइलला वर्णन आहे आणि ते दुसऱ्या कुठल्या टेस्टशी शब्दशः सारखं नाही (नक्कल करून विसरलेली वर्णनं इथे सापडतात). प्रत्येक कीवर्ड कीवर्डच्या यादीत आहे, नाहीतर "रिझ्यूम", "रेझ्यूम" आणि "रिज्यूम" असे तीन गट तयार होतात आणि कोणाच्याच रनमध्ये सगळ्या टेस्ट येत नाहीत. मदतीत छापला जाणारा प्रत्येक फ्लॅग किमान एका टेस्टच्या कमांडमध्ये आहे. दस्तऐवजातला प्रत्येक एक्झिट कोड किमान एका टेस्टमध्ये अपेक्षित आहे, आणि उलटही. फॉरमॅटच्या पानातलं प्रत्येक उदाहरण रनरच्या पार्सरमधून (फाइल वाचणारा भाग) जातं. शेवटची सगळ्यात उपयोगी, कारण फॉरमॅट बदलणारा माणूस पार्सर बदलतो आणि पान विसरतो.

सगळ्या टेस्टची एक यादी हवी असेल तर ती वर्णनांवरून स्क्रिप्टने बनवा, हाताने कधीच नाही.

बंद केलेल्या टेस्टबद्दल: कर्लमध्ये त्यांची एक वेगळी फाइलच आहे. तुम्हीही एकच जागा ठेवा आणि प्रत्येक नंबरापुढे कारण आणि "कधी उघडायची" हे लिहा. "सध्या बंद" हे कारण नव्हे. "एफटीपी सर्व्हर आयपीव्ही६ वर ऐकत नाही, ते जमलं की उघडा" हे कारण.

कधी पास कधी नापास होणाऱ्यांना बंद करू नका, कीवर्ड लावा. कर्लमध्ये "फ्लेकी" आणि "टायमिंग-डिपेंडंट" असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि फरक महत्त्वाचा आहे. दुसऱ्याचं कारण माहीत आहे: टेस्ट घड्याळावर अवलंबून आहे, मशीन मंद पडलं की पडणार. पहिल्याचं माहीत नाही. टाइमआउटच्या टेस्टमध्ये "२ सेकंदांत २८ यावा" असं न लिहिता "२ सेकंदांच्या आत येऊ नये, १५ च्या पुढे जाऊ नये" असं लिहा. गोचा रेस डिटेक्टर (समांतर कामांची टक्कर शोधणारी सोय) लावून चालवलंत तर वेग २ ते २० पटींनी कमी होतो, वरची मर्यादा त्या हिशोबाने ठेवा.

समांतर चालवत असाल तर अजून एक. पूर्वी कर्लचे टेस्ट सर्व्हर ८९९० पासून पुढच्या ठरावीक पोर्टवर बसत, आता रँडम पोर्ट घेतात, आणि -जे देऊन समांतर चालवलं की प्रत्येक रनरला लॉगचा वेगळा फोल्डर मिळतो. ज्या टेस्टने "लॉग/" असा पाथ हाताने लिहिलाय ती एकटी चालवली तर पास, समांतर चालवली तर नापास. म्हणून तिथे व्हेरिएबलच. टेस्टचा क्रम विस्कटून चालवायची सोय असेल तर सीड (क्रम ठरवणारा आकडा) छापा आणि तो परत कसा द्यायचा ते लिहा. कर्लमध्ये हा सीड महिनाभर तोच राहतो, त्यामुळे आज पडलेलं उद्या पुन्हा पाडता येतं. छान युक्ती आहे, उचलण्यासारखी.

---

शेलपाटी

हिरवाटिक, फ्लॅगच्या तपासणीत एक पळवाट आहे. फ्लॅग कमांडमध्ये नुसता असणं म्हणजे तो तपासला जाणं नव्हे. "--सायलेंट" शंभर टेस्टमध्ये असेल आणि एकही टेस्ट आउटपुट रिकामं आहे का बघत नसेल. कीवर्डमध्येच फ्लॅगचं नाव लिहायची पद्धत ठेवा, "ही टेस्ट या फ्लॅगसाठी आहे" या अर्थाने, आणि तपासणी कमांडवर न करता कीवर्डवर करा.

---

लॉगवाचक

खऱ्या इंटरनेटवर चालणाऱ्या टेस्ट असतील तर त्यांचं पान वेगळं ठेवा. वायटी-डीएलपीकडे (व्हिडिओ उतरवणारं टूल) बघा: "कोअर" आणि "डाउनलोड" असे दोन मार्कर, आणि रोजच्या कामात फक्त पहिला. साइटवार टेस्ट तिथे एक्स्ट्रॅक्टरच्या (त्या साइटवरून माहिती काढणाऱ्या) कोडमध्येच, वर्णनासारख्या लिहिलेल्या असतात, आणि पूर्ण व्हिडिओ न उतरवता पहिल्या १०,२४१ बाइटचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला चेकसम) जुळवतात. साइट बदलली की टेस्ट पडते, दोष कोडचा नसतो. असं पडणं वाचायचं कसं, हे त्या पानाचं पहिलं वाक्य असू द्या.

---

कमांडकर

ठरलं: वर्णन आणि कीवर्ड फाइलमध्ये, नंबर निरर्थक, "टेस्ट पडली" हे पहिलं पान. प्रॉक्सीच्या ११ टेस्ट लूपबॅकवरच होत्या. गोपाळगो यांनी सांगितल्याप्रमाणे खोटं नाव घातल्यावर त्यातल्या चार लाल झाल्या: तिघींचा प्रॉक्सी पोर्टच चुकीचा होता, आणि चौथीत टूल पासवर्ड पाठवत नव्हतं. पासवर्डच्या दोषासाठी आधी वर्णन लिहितो, मग दुरुस्ती.